लॉटरी नाही लागलेली त्याला

आज गणपतीच्या आरतीनंतर जेवणाच्या लाइनमध्ये उभी होते, मागून कोणीतरी मोठ्याने हसत म्हणालं, "एका कुत्र्याचे पाच लाख डॉलर! लॉटरीच लागली की राव त्या माणसाला." अजून दोघंतिघं हसले. सणासुदीला वाद नको म्हणून मी गप्प बसले, पण घरी आले, साडी बदलली, भांडी लावली तरी डोकं शांत होत नाहीये म्हणून इथे लिहितेय. नाव घेणार नाही, वाचतीलच ते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, तो कुत्रा म्हणजे टेडी, अमेरिकेतल्या आपल्याच मिझुरी राज्यातला. स्टर्जन म्हणून कोलंबिया शहराच्या उत्तरेला हजारभर वस्तीचं गाव आहे, तिथला. मे 2024 ची गोष्ट. शिह त्झू जातीचा, वजन तेरा पौंड, म्हणजे सहा किलोसुद्धा नाही. आंधळा आणि बहिरा. घरातून निसटला आणि शेजाऱ्यांच्या अंगणात गेला, त्यांनी पोलिसांना फोन केला तो "कोणाचा तरी कुत्रा हरवलाय, मालक शोधा" एवढ्यासाठी. पोलीस आला, त्याच्याकडे कुत्रा धरायची फासाची काठी होती, ती टाकून बघितली, तो बिचारा त्यातून मान सोडवून आपला चालत राहिला, ना भुंकला ना अंगावर गेला, आणि काही मिनिटांत ह्याने पिस्तूल काढून गोळ्या घातल्या. पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात, बॉडीकॅमवर, आहे सगळं. मी बघितलं, पूर्ण नाही बघवलं. आणि वर गावाने फेसबुकवर पोस्ट टाकली की आमच्या ऑफिसरचं बरोबर होतं, कुत्रा पिसाळलेला असेल असं त्याला वाटलं. वाटलं!! मालकाला कोर्टात जावं लागलं तेव्हा कुठे ते पाच लाख मिळाले. ही लॉटरी?

मला त्या व्हिडिओत आमचा कुत्रा बंड्या दिसतो, काय करू. गेल्या उन्हाळ्यात आई आली होती तेव्हाची गोष्ट आहे, जवळच्यांना माहितीये. मागच्या गल्लीत कुणाच्या तरी घरचा अलार्म वाजला आणि पोलीस घर चुकून आमच्या बॅकयार्डचं गेट उघडून सरळ आत. आई पॅटिओवर मेथी निवडत बसलेली. बंड्या सत्तर पौंडी लॅब्रेडॉर, त्याला कोणीही आलं की आनंद, तो आईची चप्पल तोंडात धरून धावत सुटला पाहुण्याकडे. मी किचनमध्ये होते, जाळीच्या दारातून मला पोलिसाच्या होल्स्टरचं, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाचं, बटण सुटल्याचा टक् असा आवाज आला आणि पोटात गोळाच आला माझ्या. आई उठली, मांडीवरची मेथी सगळी खाली, आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली, "अहो, अहो, तो काही करत नाही हो!" असं चक्क मराठीत. त्याला शब्द कळला नाही पण हात थांबला. मग सॉरी, राँग हाउस, आणि गेला. बास. एवढंच झालं. काहीच झालं नाही असंही म्हणता येईल.

पण 2012 मध्ये ऑस्टिनला हेच झालं, पत्ता चुकलेला पोलीस, आपल्याच अंगणात खेळणारा सिस्को नावाचा कुत्रा, आणि तिथे मध्ये जायला कुणाची आई नव्हती. सॉल्ट लेक सिटीला 2014 मध्ये हरवलेलं मूल शोधताना पोलीस एका बंद कुंपणाच्या आत शिरला आणि गाइस्ट नावाच्या कुत्र्याला मारलं, आणि मूल कुठे होतं तर स्वतःच्या घरी झोपलेलं.

आणि ज्यांना वाटतं हे कुठल्यातरी ऐऱ्यागैऱ्यांच्या घरी होतं, त्यांनी मेरीलँडचं बर्विन हाइट्स आठवावं. 2008. घर चक्क मेयरचं, चेय काल्व्होंचं. ड्रगवाल्या टोळीने बत्तीस पौंड गांजाचं पार्सल त्यांच्या पत्त्यावर पाठवलं होतं, घरच्यांना काही कल्पना नाही, आणि पोलिसांनी दार फोडून दोन्ही काळे लॅब मारले, पेटन आणि चेस. चेस तर पळून जात होता. सासूबाई ओट्याशी स्वयंपाक करत होत्या, त्यांना आणि मेयरना बेड्या घालून बसवलं. मी हे वाचते आणि मला ती सांडलेली मेथी दिसते, दरवेळी.

हो, पोलिसांनाही कुत्रे चावतात, रात्रीबेरात्री अनोळखी घरात शिरणं सोपं नाही, मान्य. पण मग पोस्टमनचं काय? या देशात दरवर्षी पाच हजारांवर पोस्टाच्या लोकांवर कुत्रे हल्ला करतात, त्यांच्याकडे स्प्रे असतो आणि खांद्यावरची बॅग पुढे धरायला शिकवतात. ते जमतं, तर पोलिसांना का नाही जमत?

"माणसं मरतायत आणि तुम्हाला कुत्र्यांचं पडलंय" हेही ऐकलंय मी. माणसांचा राग आधी यायला हवा, बरोबर आहे, आणि तो येतोच. पण आर्लिंग्टन, टेक्सासला 2019 मध्ये गवतावर निपचित पडलेल्या एका तीस वर्षांच्या बाईची चौकशी करायला गेलेल्या पोलिसाने तिच्या कुत्र्यावर गोळी झाडली आणि ती बाईच गेली. तिची मदत करायला गेला होता तो. आमच्या अंगणात आई मध्ये उभी होती हे लिहिताना आत्ता हात थरथरतोय माझा.

इंडियात तरी कुत्र्यांचे कुठे लाड होतात, हे प्लीज कमेंटमध्ये नको. नाही होत. त्याने इथलं माफ होत नाही.

आमच्या अंगणात आलेल्या त्या पोलिसाबद्दल माझ्या मनात राग नाही खरं तर. पोरगेलासा होता, घाबरलेला, जाताना बंड्याच्या डोक्यावर हात ठेवून गेला. त्याला कुणी शिकवलंच नसेल की शेपटी, कान, अंग कसं वाचायचं, चप्पल तोंडात असलेला कुत्रा चावणार कसा! चीड आहे ती न शिकवणाऱ्यांची. कायद्याच्या दृष्टीने कुत्रा म्हणजे मालमत्ता, सोफ्यासारखी, "मला धोका वाटला" म्हटलं की बहुतेक वेळा विषय संपतो. आणि हे बदलता येत नाही असं नाही, कोलोरॅडोने 2013 मध्ये कायदा करून पोलिसांना कुत्र्यांचं ट्रेनिंग सक्तीचं केलं, टेक्साससारख्या टेक्सासने 2015 मध्ये केलं. दोन्हीकडे लोक चिडले, मागे लागले, म्हणून झालं.

तर पुढच्या आठवड्यात आमच्या सिटी कौन्सिलची मीटिंग आहे, पब्लिक कमेंटला, म्हणजे नागरिकांना बोलायला देतात त्या वेळेसाठी, मी नाव देतेय. दोनच गोष्टी विचारणार आहे, आपल्या पोलिसांना हे ट्रेनिंग आहे का, आणि गाडीत स्प्रे आणि फासाची काठी असते का. तिथे उत्तर नाही मिळालं तर मिझुरीत सनशाइन लॉ आहे, रेकॉर्ड लेखी मागता येतं, कोणालाही. कुत्रा असो नसो, ज्यांना सोबत यायचंय त्यांनी मेसेज करा, एकटीपेक्षा चारजण दिसलो तर ऐकतात. अर्जाचा मसुदा मी लिहून ठेवते, आपापल्या गावाचं नाव घालून पाठवा.