रोझेटीचा व्हॉम्बॅट सिगार खाऊन मेला नाही

सांगली-मिरजेकडच्या कलाशिक्षकांच्या मोबाईलवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. इंग्रज चित्रकार-कवी दांते गॅब्रिएल रोझेटी याने पाळलेला व्हॉम्बॅट (ऑस्ट्रेलियातला आखूड पायांचा, गुबगुबीत प्राणी) जेवणाच्या टेबलावर झोपत असे, त्याला पाहूनच लेखक लुईस कॅरलला ‘ॲलिस इन वंडरलँड’ या पुस्तकातला चहाच्या टेबलाशी पेंगणारा डॉरमाउस (उंदरासारखा झोपाळू प्राणी) सुचला, पुढे हा प्राणी सिगारचा डबा फस्त करून मेला आणि रोझेटीने त्याच्या मरणाचीही चित्र काढून थट्टा केली, असे त्यात म्हटले आहे. ही गोष्ट वर्गात मुलांना सांगितली जात असल्यामुळे ती तपासून घेणे मला गरजेचे वाटते.

डॉरमाउसचा दावा तारखांपुढे टिकत नाही. ‘ॲलिस’ १८६५ साली प्रसिद्ध झाले आणि रोझेटीच्या घरी व्हॉम्बॅट आला तो सप्टेंबर १८६९ मध्ये. कॅरलने १८६३ साली लंडनच्या चेल्सी भागातील रोझेटीच्या घराच्या बागेत रोझेटी कुटुंबाची छायाचित्रे काढली होती, म्हणून हा गैरसमज पटण्याजोगा वाटतो, एवढेच.

सिगारची कथा चित्रकार व्हिसलर रंगवून सांगत असे आणि तिच्या शेवटी व्हॉम्बॅटचा सांगाडा सिगारच्या डब्यात सापडतो. पूर्ण वाढलेला व्हॉम्बॅट वीस-तीस किलोंचा असतो. लहानसे पिल्लू धरले तरी तो डब्यात मावणार नाही. शिवाय रोझेटीने मेलेल्या प्राण्यात पेंढा भरून घेऊन तो घरात ठेवला होता, मग सांगाडा कुठून आला? रोझेटीचा भाऊ विल्यम याच्या रोजनिशीत त्या जनावराला खरजेसारखा विकार झाल्याची नोंद आहे. तो आजारी पडून ६ नोव्हेंबर १८६९ रोजी मेला.

थट्टेचा आरोप मात्र मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या त्या रेखाचित्रात स्थूल देहाचा रोझेटी रुमालात तोंड खुपसून रडतो आहे आणि समोर व्हॉम्बॅट पाय वर करून उताणा पडला आहे. खाली विनोदी ढंगाच्या चार ओळी आहेत. चित्र हसवणारे आहे, हे खरेच. पण ते कोणत्या दिवसांत काढले, हे पाहिले पाहिजे. पत्नी एलिझाबेथ सिडल १८६२ मध्ये वारली, तेव्हा रोझेटीने आपल्या कवितांची वही तिच्या शवपेटीत ठेवली होती. ती परत मिळवण्यासाठी ऑक्टोबर १८६९ मध्ये तिची कबर उकरण्यात आली. डोळ्यांची तक्रार आणि निद्रानाश यांनी तो आधीच खचला होता. त्याच शरद ऋतूत हा गोल, गुबगुबीत, माणसांच्या मागे मागे फिरणारा प्राणी घरी आला आणि दोन महिन्यांच्या आत गेला.

हरिपूरला आमच्या घरी एक शेळी होती. पोस्टरसाठी शिजवलेली खळ ती चाटून टाकायची, आणि एकदा तर वाळत ठेवलेल्या जलरंगाच्या चित्राचा नदीकडचा अर्धा भाग खाऊन घाटाच्या पायऱ्या तेवढ्या मागे ठेवल्या. ती गेली त्या रात्री मी तिचे चित्र काढायला बसलो, तर हातून उतरली ती कागदाचा तुकडा तोंडात धरून माझ्याकडे तिरके पाहणारी शेळी. घरातले सगळे ते चित्र पाहून हसले आणि माझी आई हसता हसता पदराने डोळे पुसत आत गेली. खोडकर जनावर आठवते ते त्याच्या खोड्यांसकट, त्यामुळे त्याच्या शोकाच्या चित्रातही त्या खोड्या येणारच.

रोझेटीने त्या प्राण्याचे नाव ‘टॉप’ ठेवले होते आणि ते मित्र विल्यम मॉरिसच्या ‘टॉप्सी’ या टोपणनावावरून घेतले होते. मॉरिसची पत्नी जेन हिच्यावर रोझेटीचे प्रेम होते, म्हणून त्या नावात मित्राची टिंगल होती, असे म्हणायला जागा आहे. टॉपच्या मरणाची टिंगल त्याने केली, असे म्हणायला मात्र त्या चित्रात मला काहीही सापडत नाही.