ओटीपी बरोबर होता, तरीही

परवा रात्री परीक्षेची फी भरत होते. मुदत बाराला संपणार होती. कार्डाचा नंबर टाकला, ओटीपी आला, सहाही आकडे नीट बघून टाकले. चाक बराच वेळ गरगर फिरलं आणि एक ओळ आली, ‘सुरक्षेच्या कारणास्तव व्यवहार नाकारला आहे.’ खात्यात पैसे होते. कस्टमर केअरला फोन लावला तर म्हणे, सिस्टीमने अडवलंय, कारण आम्हालाही दिसत नाही. बारा वाजले, पोर्टल बंद झालं.

माझी तपासणीला हरकत नाही, हे आधी सांगते. गोड बोलून ओटीपी काढून घेणारे, दुसऱ्याच्या नंबरचं डुप्लिकेट सिम मिळवून खातं धुऊन नेणारे आहेतच. कार्ड माझ्याच हातात आहे ना, हे बँकेने जरूर विचारावं.

पण ओटीपी हा त्यातला फक्त आपल्याला दिसणारा भाग. थ्री-डी सिक्युअर म्हणजे ऑनलाइन पैसे भरणारा कार्डाचा खरा मालकच आहे ना, हे तपासायची व्यवस्था. तिच्या नव्या पद्धतीत आपण पैसे भरायला गेलो की शंभराहून जास्त प्रकारची माहिती बँकेकडे जाऊ शकते: फोन कुठला, ब्राउझर कुठला, त्याची भाषा कुठली, स्क्रीन केवढी, पत्ता कुठला. त्यावरून जोखीम ठरते. आणि ओटीपी बरोबर निघाला तरी शेवटच्या मंजुरीच्या वेळी बँक नाही म्हणू शकते. म्हणजे मी कोण हे सिद्ध करूनही माझे पैसे मला वापरू द्यायचे की नाही, हे दुसराच कुणीतरी ठरवतो. मला धास्ती याची वाटते.

ही धास्ती हवेतली नाही. डिसेंबर २०१० मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड आणि पेपॅल यांनी विकिलीक्स या गुप्त सरकारी कागदपत्रं उघड करणाऱ्या संस्थेला लोकांकडून मिळणाऱ्या देणग्यांचा मार्ग बंद केला, तेव्हा तसा कुठल्याही कोर्टाचा आदेश नव्हता. आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या कार्ड कंपनीला हा मार्ग पुन्हा खुला करायला सांगितलं ते २०१३ मध्ये. कॅनडात फेब्रुवारी २०२२ मध्ये कोविडच्या निर्बंधांविरुद्ध उतरलेल्या ट्रकवाल्यांच्या आंदोलनाशी संबंधित खाती कोर्टात न जाताच गोठवली गेली. ते आंदोलन कुणाला पटो न पटो, सकाळी उठून खातं बंद दिसलेल्या माणसाने दाद कुठे मागायची? माझी फी त्यापुढे किरकोळ आहे, मान्य. पण नळाची चावी कुणाच्या हातात आहे, हे मला त्या रात्री कळलं. नोट हातात असते तेव्हा मध्ये कुणी नसतं.

अडवलंत तर कारण लेखी द्या. निर्णय फिरवण्याचा अधिकार असलेला माणूस फोनवर द्या, आणि किती तासांत सोडवणार ते सांगा. ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ हे कारण नव्हे, ते तोंडावर लावलेलं दार आहे.

आज सकाळी त्याच कार्डाने, त्याच फोनवरून दुसरं एक पेमेंट केलं. झटक्यात झालं. ओटीपीसुद्धा मागितला नाही.