कोर्टाच्या दुसऱ्या दिवशी रजा

"भोगलं त्या पोरीनं, रजा तुला कशाला?" आज एका निवारागृहातल्या समुपदेशक ताईंना वरिष्ठांनी हे सुनावलं. अल्पवयीन मुलीसोबत दिवसभर कोर्टात बसून, उलटतपासणीतला शब्द न् शब्द ऐकून आल्या होत्या त्या. दोनच दिवस मागितले होते. डोकं फिरलंय माझं.

देहविक्रीच्या धंद्यातून सोडवलेल्या मुलीची हकीकत समुपदेशक एकदाच ऐकत नाही. छाप्याच्या रात्री ऐकते, मुलीला कुणाकडे सोपवायचं हे ठरवणाऱ्या बालकल्याण समितीसाठी सामाजिक तपासणी अहवाल लिहिताना ऐकते, मॅजिस्ट्रेटपुढच्या जबाबाआधी ऐकते, आणि काही वर्षांनी केस उभी राहिली की पुन्हा तेच. मुलीला न्यायला आलेले 'घरचे' खरंच घरचे आहेत का, हेही तपासायचं. न्यायला आलेली 'मावशी' कधीकधी विकणारीच निघते. अहवालात एक खूण सुटली तर मुलगी परत तिथेच जाते.

आणि ती मुलगी? सुरुवातीला ती ताईंनाच शिव्या घालते. "तुम्ही मला कोंडलंत." दलालाने भरवलेली भीती असते, घरी पैसे पाठवायची घाई असते, काहींची नशा सुटत असते. कारणं सगळी पाठ असली तरी रात्री दोनला जेवणाचं ताट अंगावर आलं की काळीज हलतंच.

मग ताईंची झोप जाते. लोकलमध्ये लहान मुलीशेजारचा प्रत्येक पुरुष संशयित वाटतो. स्वतःच्या लेकीला क्लासलाही एकटं सोडवत नाही. आणि एक दिवस समोरची मुलगी रडते, पण आत काहीच हलत नाही. सगळ्यात धोक्याचं हेच. अहवालातल्या खुणा सुटायला लागतात त्या इथूनच.

अशा बाईला "रजा कशाला" विचारता?

संस्थांकडे पैसे नाहीत, पदं रिकामी आहेत, मान्य. पण जबाबाच्या दुसऱ्या दिवशी नवी केस न द्यायला पैसे लागत नाहीत. ड्युटीचा फोन आळीपाळीने ठेवा, मुलींकडे कुणाचाही खासगी नंबर नको. दर पंधरवड्याला तासभर केसवर बोलायला बाहेरची अनुभवी व्यक्ती बोलवा; पगार ठरवणाऱ्यापुढे कोण मन मोकळं करेल? गृहमातेलाही त्यात बसवा, रात्रीचं रडणं तीच ऐकते. वर्षाला एक ध्यानशिबिर घेऊन फोटो टाकलेत म्हणजे काळजी घेतली असं होत नाही.

तुमच्यापैकी जे विश्वस्त मंडळांवर आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत एवढं मांडाच: कोर्टाच्या तारखेनंतरची रजा, पगारी, कारण न विचारता.