निष्कलंक नोकरभरतीसाठी काही सूचना

नागपूरजवळ हिंगण्यात किंवा बुटीबोरीत आपला कारखाना असेल आणि नोकरभरती तोंडावर आली असेल, तर अर्जात ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?’ हा रकाना अवश्य घालावा. गुन्हा दाखल होणे, खटला चालणे आणि दोषी ठरणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत, हा वकिली काथ्याकूट मनावर घेऊ नये. संविधान चौकात वेगळ्या विदर्भाच्या घोषणा देताना ज्याचे नाव पोलीस ठाण्यात नोंदले गेले, तोही ‘होय’वर खूण करतो आणि शिक्षा भोगून आलेला दरोडेखोरही करतो, दोन्ही अर्ज एकाच गठ्ठ्यात बांधले की छाननी संपली. ज्याने ‘नाही’वर बिनदिक्कत खूण केली, त्याला मात्र प्रामाणिक समजून रुजू करून घ्यावे.

कोणी २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणाचा दाखला दिला, की तरुणपणीच्या घोषणाबाजीसारखी क्षुल्लक बाब दडवली गेली तरी ती नजरेआड करता येते असे सर्वोच्च न्यायालय म्हणते, तर तो वाद सरकारी नोकरीचा होता, एवढे उत्तर पुरे. परिवीक्षेवर, म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तनाच्या अटीवर, सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, हे १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचे कलम १२ वाचण्याच्या भानगडीतही पडू नये.

भरधाव ट्रक चालवून शिक्षा झालेल्याला गाडी देऊ नये हे समजण्यासारखे आहे, परंतु त्याला पॅकिंगला का ठेवू नये, असे विचारणारा व्यवस्थापक धोकादायक समजावा. अशाने प्रत्येक अर्जाचा विचार करावा लागेल.

वर्धा रोडवरील मध्यवर्ती कारागृहात कैदी सुतारकाम करतात. तेथील टेबल जरूर घ्यावे. सुतार सुटून दारात आला, तर चारित्र्य पडताळणीचा दाखला मागून त्याच टेबलावरून त्याचा अर्ज परत सरकवावा.

एवढे करूनही माणसे कमी पडलीच, तर ठेकेदाराला फोन करावा. तो दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सुताराला घेऊन येईल, आपण त्याला कोणताही रकाना भरायला लावणार नाही, आणि काही चोरीला गेले तर पहिला डबा त्याचाच उघडायचा, हे सुरक्षारक्षकाला वेगळे सांगावे लागणार नाही.