कुकर न्यायला कुणी येणार आहे का?

सकाळी साडेआठला, डबे भरायच्या ऐन गडबडीत, बार्शीहून आत्याचा फोन. "अगं, ॲप टाकून घ्या म्हणतात. माझ्या फोनात ते कुठनं टाकायचं?" आत्याचा फोन बटणांचा. त्यात टाकायचंच झालं तर फार तर सिमकार्ड टाकता येतं. आधी मी हसले. मग तिने सगळं सांगितलं आणि तव्यावरची पोळी करपली.

झालं असं. आत्याने टीव्हीवरच्या खरेदीच्या चॅनलवर बघून पाच लिटरचा स्टीलचा कुकर मागवला. 1,899 रुपये रोख मोजून दिले. खोकं उघडलं तर आत तीन लिटरचा, ॲल्युमिनियमचा. तिने चॅनलचा नेहमीचा नंबर लावला. हा नंबर तिला माझ्या नंबराच्या आधीपासून पाठ आहे. तर पलीकडे माणूसच नाही. रेकॉर्ड केलेली बाई हिंदीत सांगतेय, माल परत करायचा तर ॲपवर या, फोटो टाका, पैसे ॲपमधल्या वॉलेटमध्ये जमा होतील. यासाठी एक दाबा, त्यासाठी दोन दाबा, आणि शेवटी फोन आपोआप बंद. आत्याने नऊ वेळा लावला. नवव्या वेळी ती त्या रेकॉर्डला म्हणाली, "बाई, मला बोलू तरी दे."

चॅनलचं नाव लिहीत नाही. नावाजलेल्यांपैकी कुणी नाही, एक लहानसा चॅनल आहे, तेव्हा कमेंटमध्ये अंदाज लावत बसू नका.

माझी आत्या बहुतेकांना माहीत आहेच. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, लग्न केलं नाही, आता चौऱ्याहत्तरची आहे. माडीवर एकटी राहते. खाली उतरायला बावीस पायऱ्या, आणि गुडघ्यांनी संप पुकारलेला. बाजार हाकेच्या अंतरावर आहे, पण तिच्यासाठी तो पंढरपूरइतका लांब. तर 2011 पासून तिचा बाजार टीव्हीवर भरतो. सकाळी अकराला शेंगा नाहीतर मटार सोलत बसायचं, समोर ती अँकर गळ्यातली नस फुगवून ओरडतेय, "सिर्फ सत्रह पीस बचे हैं!", आणि आत्या शांतपणे म्हणणार, "काल पण सतराच होते."

तिच्याकडे एक दोनशे पानी वही आहे. बाईंच्या अक्षरात आखलेले रकाने. तारीख, वस्तू, किंमत, ऑर्डर नंबर आणि शेवटी शेरा. हो, शेरा! मास्तरीणच ती. "ठीक." "रंग गेला." "चित्रात मोठे होते." एका पोटाच्या पट्ट्यापुढे नुसतं "मूर्खपणा माझा."

2013 च्या दिवाळीचं पान तिने मला कितीदा दाखवलंय. मिक्सर मागवला होता, त्यातलं चटणीचं भांडं तडकलेलं आलं. आत्याने घाबरत घाबरत फोन लावला. बिल सापडेना. पलीकडची मुलगी मराठीत म्हणाली, "काकू, बिल शोधत बसू नका, तुमचा फोन नंबर सांगा, मला इथं सगळं दिसतंय." वर विचारलं, भांडं हाताळताना हात तर कापला नाही ना. सहाव्या दिवशी नवं भांडं दारात. शेरा असा आहे: "भांडे तडकलेले आले. मुलीने नीट ऐकून घेतले. माणसे चांगली." 'माणसे चांगली'खाली दोन रेघा. शाळेतल्या पोरांना ती एकच रेघ मारायची.

त्या दोन रेघांवर या चॅनलने पुढची दहा-बारा वर्षं धंदा केलाय, एवढंच माझं म्हणणं आहे. आत्याच्या वहीत आज 143 नोंदी आहेत.

आता तुम्ही म्हणाल, कचरा विकतात ते. विकतात ना! नव्वदच्या दशकात रात्री केबलवर टेलिब्रँड्स आणि एशियन स्काय शॉपच्या जाहिराती लागायच्या, ओठ एकीकडे नि आवाज एकीकडे, त्या बघून आपण लोळून हसलोच आहोत. मग 2008 ला होमशॉप18 आला, चोवीस तास नुसती खरेदीच. पाठोपाठ स्टार सीजे, नापतोल. 5,999 वर काट मारून 1,499, कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ. नजर कवच नि मंतरलेली यंत्रं विकणाऱ्या जाहिरातींबद्दल तर बोलायलाच नको. त्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरतात हे 2021 ला औरंगाबाद खंडपीठाला सांगावं लागलं. तेव्हा मी आत्याला फोन करून ऐकवलंही होतं, बघ तुझे टीव्हीवाले! ती म्हणाली, "मी भांडी घेते, यंत्रं घेत नाही." फोन ठेवला.

या धंद्याला घरघर लागलीय हेही दिसतंय. स्टार सीजेचा शॉप सीजे झाला, 2018 पर्यंत तो आणि होमशॉप18 एकत्र आले. एवढ्या मोठ्यांना एकमेकांचा आधार घ्यावा लागला, तर लहानांचं काय होणार. माझा चुलतभाऊ भिवंडीत गोदामात आहे. तो म्हणतो, "ताई, रोखीच्या ऑर्डरीत निम्मं दुखणं असतं. पोरगा माल घेऊन दारात जातो, आतून 'आता नको' म्हणतात, माल परत. जायचं भाडंही कंपनीच्या डोक्यावर, यायचंही. वर चॅनल दिसावा म्हणून केबलवाल्याला पैसे चॅनलच मोजतो." बरं बाबा, मान्य. ॲप स्वस्त पडत असेल.

पण स्वस्त कुणाला पडतंय रे?

दुपारी मी स्वतः लावला फोन. पस्तीस मिनिटं सनई ऐकली. मग एक मुलगा आला. आवाजावरून बावीस-तेवीसचा असेल. आधी म्हणाला, ॲप डाउनलोड करा मॅडम. मी म्हटलं, ग्राहकाकडे स्मार्टफोन नाही. म्हणाला, मग तुमच्या फोनवरून करा. मी म्हटलं, ऑर्डर तिच्या नंबरवर आहे, ओटीपी तिच्याकडे जाणार, ती बार्शीत, मी पुण्यात. जरा थांबला. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, आमचा फोकस आता डिजिटलवर आहे. टीव्हीवाले कस्टमर काय, हळूहळू कमी होणारच ना."

कमी होणारच ना.

दोन मिनिटं मला काही बोलताच येईना. कमी कसे होणार आहेत, हे त्याला कळत होतं का? हे बसलेत वाट बघत! 143 वेळा जिने पायऱ्या उतरता येत नाहीत म्हणून वरून दोरीला पिशवी बांधून पैसे सोडले, ती कधी एकदाची कमी होतेय, म्हणून? मला जे तोंडात येईल ते मी बोलले. त्या पोराचा काय दोष, त्याला कागदावर लिहून दिलं असेल तेच तो वाचणार. तरी बोलले. माफी मागायला परत लावला तर पुन्हा सनई.

आणि हे ॲप-ॲप करणाऱ्यांना एक विचारायचंय. बँक सांगते अनोळखी लिंक दाबू नका. पोलीस सांगतात ओटीपी कुणाला देऊ नका. आत्याला तीन वर्षांपूर्वी मी स्मार्टफोन दिला होता, आठवड्यात कुणीतरी 'केवायसी'चा फोन केला, तेव्हापासून तो फोन कपाटात पैठणीच्या घडीत आहे. ती बरोबर वागली. आता तुम्ही तिला एसएमएसमध्ये लिंक पाठवता आणि म्हणता, दाबा. तिने कुणाचं ऐकायचं?

न्यू जर्सीतल्या माझ्या वन्सं म्हणतात, तिकडेही तेच चाललंय. 1986 पासूनचा तिकडचा खरेदीचा चॅनल क्यूव्हीसी, तोसुद्धा 2025 मध्ये टिकटॉकवर चोवीस तास विकायला बसला. असेल. वन्संकडे गाडी आहे, त्या उठून दुकानात जातात.

आता जरा शांत झालेय. चहा घेतला.

खरं सांगू का, मलाही लाज वाटतेय. आम्ही सगळ्या भाच्यांनी आत्याच्या खरेदीची इतकी टिंगल केलीय. भाऊबीजेला प्रत्येकीला टीव्हीवरचं काहीतरी मिळायचं, आणि आम्ही वाटेतच एकमेकींना म्हणायचो, तुझ्याकडचं भाजी कापायचं यंत्र तुटलं का गं? त्या अकराच्या कार्यक्रमात तिला काय मिळतं, हे मी कधी विचारलंच नाही. 2019 ला चॅनल निवडायचे फॉर्म आले, 130 रुपये अधिक कर, त्यात शंभर फुकटचे चॅनल, तेव्हा तिने मालिका, बातम्या सगळं सोडून पहिल्यांदा याच चॅनलचा नंबर लिहिला होता. मी म्हटलं, अगं, हा फुकटच असतो. म्हणाली, "असू दे. राहून गेला तर?"

आणि नोटाबंदीचा तो किस्सा. तिने चादरी मागवल्या होत्या, 799 च्या. कुरियरवाला पोरगा आला 10 नोव्हेंबर 2016 ला. घरात सगळ्या पाचशेच्याच जुन्या नोटा. पोरगा म्हणाला, या चालत नाहीत बाई. आत्या म्हणाली, मग घेऊन जा परत. तो दोन मिनिटं पायरीवर बसला आणि म्हणाला, "ठेवा. मी भरतो, तुम्ही पुढच्या खेपेला द्या." डबलबेडच्या दोन चादरी. पुढची खेप यावी म्हणून आत्याने चार दिवसांत लिंबू पिळायचं यंत्र मागवलं! एटीएमच्या रांगेत शेजारच्या पोराला उभं करून शंभराच्या नोटा जमवल्या आणि त्या कुरियरवाल्याला मोजून दिल्या. वहीत शेरा आहे, चादरींचा नाही, त्याचा. "मुलगा विश्वासू." एकच रेघ.

म्हणून मला कुणी ग्राहकांची आकडेवारी सांगू नका. असा पोरगा, तशी फोनवरची मुलगी, यांच्यामुळे माझी आत्या तेरा-चौदा वर्षं फसून-बिसूनसुद्धा तिथेच घेत राहिली. चॅनलला वाटलं ती स्वस्त मालाला भुलते. अहो, तिचं पेन्शन बरं आहे तुमच्यापेक्षा!

1915 या नंबरवर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवलीय. तिथे मराठीतून बोलता येतं, लक्षात ठेवा, घरच्या म्हाताऱ्या माणसांना नंबर लिहून द्या. पुढे काय होतं ते कळवीन.

संध्याकाळी आत्याला सांगायला फोन केला. तिचा राग केव्हाच ओसरला होता. म्हणाली, "ती मिक्सरवाली मुलगी असती तर झालं असतं गं." मी म्हटलं, आत्या, तिला आता पोरंबाळं झाली असतील. "हो, ते पण आहेच." मग म्हणाली, शनिवारी येतेस तर येताना चांगला पाच लिटरचा कुकर घेऊन ये, पैसे मी देते.

आणि आलेला कुकर? मी म्हटलं, तोवर वरणभाताला वापर की. तर नाही. वापरलेला माल परत घेत नाहीत, हा नियम तिला तोंडपाठ आहे. तिने तो पुसून, शिट्टी कागदात गुंडाळून, खोक्यात होता तसा भरलाय. चिकटपट्टी नव्हती म्हणून दोऱ्याने बांधलाय. वर पेनाने ऑर्डर नंबर लिहिलाय आणि खोकं दाराशी, चपलांच्या बाजूला ठेवलंय, न्यायला माणूस आलाच तर त्याला थांबायला लागू नये म्हणून.