शिकंज्यांशिवाय फळ्या जोडण्याविषयी : आपल्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

शिकंजे (क्लॅम्प) न वापरता, बाजूच्या पट्ट्या आणि फळ्या यांच्यामध्ये पाचरी ठोकून किंवा दोरी पिळून, फळ्या कडेला कड लावून गोंदाने जोडण्याविषयी आणि असा रुंद पाट तयार करण्याविषयी मी जे लिहिले होते, त्यावर आपण सविस्तर मत कळवलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : गोंदाचे उत्पादक ठरावीक दाब सांगतात आणि पाचरी ठोकून तो मिळत नाही, दाब देताच फळ्या मध्ये उसळतात, आणि नवशिक्याला असले जुगाड शिकवण्यापेक्षा चार शिकंजे विकत घ्यायला सांगणे बरे. पहिला आक्षेप मला मान्य नाही, दुसऱ्यात तथ्य आहे आणि तिसरा निम्माच पटतो.

लाकडासाठीच्या पांढऱ्या-पिवळ्या गोंदांना, लाकूड मऊ की कठीण यानुसार, साधारण १०० ते २५० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे ७ ते १७.५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर, इतका दाब सुचवला जातो. आता ६० सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर जाड फळी घ्या. तिच्या कडेचे क्षेत्रफळ १२० चौरस सेंटिमीटर भरते. १० किलोंचा आकडा धरला तरी एका सांध्यावर १२०० किलोंचा जोर हवा. घरातले दोन-तीन हलके शिकंजे हाताने आवळून एवढा जोर येत नाही, आणि तरीही त्यांनी जोडलेले पाट वर्षानुवर्षे टिकतात. याचे कारण असे की कडा एकमेकींना पूर्ण भिडल्या आणि मधला गोंदाचा थर पातळ व सलग राहिला, म्हणजे दाबाचे काम झाले. रंध्याने सरळ आणि गुण्यात (काटकोनात) काढलेल्या कडांना त्यासाठी फार जोर लागत नाही. ज्या कडांमधून उजेड दिसतो, त्या आवळून मिटवल्या तर मिटतात खऱ्या, पण तो ताण पुढे कायम सांध्यावर राहतो. अशा वेळी महागातला शिकंजा केवळ रंध्याच्या कामातली कसर झाकतो.

व्हायोलिनच्या पाठीचे दोन भाग जोडताना पुष्कळ कारागीर आजही शिकंजा लावत नाहीत. अचूक रंधलेल्या कडांना गरम सरस (जनावरांच्या कातड्या-हाडांपासूनचा गोंद) लावून एक भाग दुसऱ्यावर पुढे-मागे घासतात. जादा सरस बाहेर पडतो, उरलेला निवता निवता घट्ट होतो आणि भाग जागीच जखडतात. फेव्हिकॉल असा चटकन गोठत नाही, म्हणून घासून जोडण्याची ही रीत त्याच्यासह आखूड तुकड्यांपुरतीच ठेवावी. लांब फळ्यांसाठी मी पाचरी सुचवल्या त्या याचसाठी.

पाचरींची मर्यादा पाचरीत नसते, त्या ज्या पट्टीवर रेटतात तिच्यात असते. १८ मिलिमीटरच्या प्लायवर दोन्ही बाजूंना जाड पट्ट्या भरपूर स्क्रूंनी बसवाव्यात आणि १० मिलिमीटरला १ मिलिमीटर इतक्या बेताच्या उताराच्या पाचरी उलटसुलट जोडीने ठोकाव्यात. उतार एवढा कमी असला की घर्षणामुळे पाचर मागे सरकत नाही, आणि जोडी असल्याने बाहेरच्या कडा समांतर राहतात. सांध्यावर सगळीकडे गोंदाचे बारीक थेंब सारख्या अंतराने उमटले की थांबावे. पट्टी वाकू लागली तर तिला आणखी स्क्रू हवेत.

फळ्या उसळण्याचा आपला मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो शिकंज्यांनाही लागू आहे. जोराची रेषा फळीच्या जाडीच्या मध्यातून न जाता थोडी वर किंवा खाली गेली की पाट वाकतो. म्हणून पाचरीची जाडी फळीपेक्षा जास्त नसावी, आणि पाचरी पूर्ण आवळण्याआधी फळ्यांवर आडव्या पट्ट्या ठेवून त्या खालच्या प्लायला आवळाव्यात. पट्टीखाली मेणकागद घालायला विसरू नये, नाहीतर पट्टीच पाटाचा भाग होते. फळ्यांभोवती दोरी गुंडाळून तिला काठीने पीळ देण्याच्या रीतीत हा दोष जास्त आहे, कारण पीळ एकाच अंगाला पडतो. दोऱ्या आळीपाळीने वरून आणि खालून पिळल्या तर ओढ बरीच सारखी होते, पण कडांना रद्दी लाकडाची पट्टी लावावीच लागते. पातळ फळ्यांना तर उसळण्याचाच उपयोग करून घेता येतो : दोन पट्ट्यांमधले अंतर फळ्यांच्या एकूण रुंदीपेक्षा केसभर कमी ठेवावे, फळ्या घराच्या छपरासारख्या उभ्या टेकवाव्यात आणि सांधा हाताने खाली दाबावा. गिटारच्या वरच्या फळीसाठी ही रीत चांगली रुळलेली आहे.

राहिला खरेदीचा प्रश्न. बाभळीसारख्या कठीण लाकडाचा जाड, लांब टेबलाचा पाट करायचा असेल तर शिकंजेच घ्यावेत, हे मीही सांगेन. देवघराचा पाट, पेटीचे झाकण किंवा कपाटाचे दार यांसाठी मात्र पैसे आधी चांगल्या रंध्यावर आणि त्याला धार लावण्याच्या दगडावर खर्च करावेत, असे माझे मत आहे.

पाट सोडवून लगेच रंधावा का, असेही आपण विचारले होते. रंधू नये. गोंदातल्या पाण्याने सांध्याजवळचे लाकूड फुगलेले असते. तेव्हाच सपाट केले तर ते सुकून आकसल्यावर सांध्यावर बारीक खाच दिसू लागते. एरवी पाट दोन-तीन दिवस उभा टेकवून दोन्ही अंगांना हवा लागू द्यावी, आणि कोकणातल्या पावसाळ्यात त्याहूनही जास्त थांबावे.