गाठ दिसेनाशी झाली, गेली नाही

सोनोग्राफीत गर्भाच्या फुफ्फुसात गाठ दिसली की आईबापांकडे एक मेसेज हमखास येतो: 'ही गाठ आपोआप विरघळते. बाळ जन्मल्यावर खणखणीत रडलं आणि एक्स-रे स्वच्छ आला की विषय संपला. ऑपरेशन केलंत तर मूल जन्मभर अधू राहील.' हेतू धीर देण्याचा असेल, पण मजकूर धोक्याचा आहे.

'विरघळते' इथेच पहिला घोळ. यातली नेहमी आढळणारी विकृती म्हणजे सीपॅम, म्हणजे फुफ्फुसाच्या एका भागाची वाढ चुकून झालेली जन्मजात गाठ. ती साधारण 20व्या आठवड्यात दिसते, 26 ते 28 आठवड्यांपर्यंत वाढते आणि मग बहुधा थांबते. भोवतालचं निरोगी फुफ्फुस मात्र वाढत राहतं. सोनोग्राफीत दोन्ही सारखीच दिसू लागतात आणि गाठ त्यात मिसळून जाते. जन्मानंतर सीटी काढला की बऱ्याचदा ती जागच्या जागी सापडते. शिवाय वाढीच्या त्याच आठवड्यांत मोठी गाठ हृदयावर दाब आणू शकते, गर्भाच्या अंगात पाणी साठू शकतं. नेमक्या त्या वेळी 'विरघळेल' म्हणून तपासण्या टाळणं महागात पडतं.

एक्स-रेचं म्हणाल, तर यातल्या अनेक गाठी त्यात दिसतच नाहीत. सीटीतल्या रेडिएशनची धास्ती समजू शकते, पण रक्तपुरवठा कुठून होतो हे त्यातूनच नीट कळतं. सिक्वेस्ट्रेशन या प्रकारात फुफ्फुसाचा एक तुकडा बाकीच्या फुफ्फुसापासून वेगळा पडलेला असतो आणि त्याला रक्त थेट महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) फाट्यातून मिळतं. ऑपरेशनच्या वेळी सर्जनला हे आधी ठाऊक नसेल तर जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो.

रडण्याचा मुद्दा एका ओळीचा: बहुतेक बाळं जन्मतः ठणठणीतच असतात. न्यूमोनिया नंतर येतो, पुन्हा पुन्हा, त्याच जागी. क्वचित, जिला साधी गाठ समजलं ती ब्लास्टोमा हा फुफ्फुसाचा कर्करोगही निघते. या कर्करोगाचा धोका वाढवणारा डायसर-1 जनुकाचा दोष घराण्यात असेल तर डॉक्टरांना हे आधी सांगायलाच हवं.

आणि 'अधू'? सहसा फुफ्फुसाचा एकच खंड काढतात, अनेकदा दुर्बिणीतून. तान्ह्या वयात नवे वायुकोश तयार होत असल्याने उरलेलं फुफ्फुस वाढून जागा भरून काढतं.

लक्षणं नसलेल्या प्रत्येक बाळाचं ऑपरेशन करावं का, यावर मात्र सर्जन मंडळींतच मतभेद आहेत. थांबायचं ठरलं तरी पुढच्या तपासणीची तारीख ठरलेली हवी. मूल पाच वर्षांचं झालं आणि ताप-खोकला घेऊन नव्या डॉक्टरांकडे गेलात, तरी तो 20व्या आठवड्याचा रिपोर्ट सोबत न्या.